झोळीतला हात

ठाणे, कल्याण व डोंबिवली परिसरातील समस्त स्त्री-पुरुषांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, बाईला दोन खांदे असतात. हे दोन्ही खांदे हलतात. ते हलवावे लागतात. न हलवल्यास ते गंजतात, आणि एकदा गंजले की तेल चोळून, विटेने शेकून, नवस बोलून किंवा जावयाच्या ओळखीच्या वैद्याकडून काढा आणून काही होत नाही. मग मला बोलवावं लागतं. सबब, ही सूचना प्रत्येक सोसायटीच्या फलकावर पाण्याच्या वेळांशेजारी लावावी.

ही घोषणा मी गेली सव्वीस वर्षं करते आहे. अजून एकाही फलकावर लागलेली नाही.

मी फिजिओथेरपिस्ट. राहते डोंबिवली पूर्वेला, नोकरी माजिवड्याजवळच्या एका इस्पितळात, आणि दुपारनंतर घरोघरी फेरी. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेल्या बायकांचे खांदे आणि श्वास ताळ्यावर आणणं हे माझं मुख्य काम. 'स्तन' हा शब्द इथे मुद्दाम लिहिला, कारण पेशंटच्या घरात तो मी फार क्वचित ऐकलाय. 'तिथलं ऑपरेशन', 'गाठीचं ऑपरेशन', 'बायकांचं ते'. एका गृहस्थांनी तर फोनवर मला, मिसेसच्या वरच्या मजल्याचं काम झालंय, असं सांगितलेलं. मी पत्ता लिहून घेत होते, त्यामुळे लिफ्ट आहे का, असं विचारून बसले.

आणखी एक गोष्ट माझ्याबद्दल सांगायला हवी, कारण पुढे तिचाच सगळा घोळ आहे. आमच्या बिल्डिंगच्या गणपतीत दरवर्षी एक नाटक होतं आणि त्यातली खाष्ट सासू वर्षानुवर्षं मी करते. मला नाटक आवडतं. प्रेक्षक दिसले की माझ्या अंगात येतं. याचा धंद्यात फायदाच होतो, कारण दुखणाऱ्या बाईला हसवल्याशिवाय ती हात हलवत नाही. तोटा किती होतो ते मला वर्तकनगरच्या एका दुसऱ्या मजल्यावर कळलं.

आधी धंदा समजावून सांगते, म्हणजे मी काय करून बसले ते नीट कळेल.

या ऑपरेशनमध्ये स्तनाबरोबर काखेतल्या गाठीही काढतात. शुद्धीवर आल्यावर बाई पहिली गोष्ट कोणती करते, तर तो हात अंगाशी घट्ट धरते. खांदे पुढे, पाठीला पोक, काखेत अंडं धरल्यासारखी. आणि श्वास घेते तो चोरून, गळ्यापुरता. टाके उसवतील अशी तिला भीती असते. टाके उसवत नाहीत. पण असा अर्धामुर्धा श्वास घेत राहिलं की कफ साचतो, छातीची कातडी आखडते, आणि हातात साचणारं पाणी परत वर खेचायला मोठ्या श्वासाची जी मदत व्हायची तीही होत नाही. म्हणून पहिल्या दिवशी मी बाईच्या बरगड्यांखाली हात ठेवते आणि सांगते, नाकाने एवढा श्वास घ्या की माझा हात उचलला गेला पाहिजे, आणि सोडताना बशीतला चहा निववतो तसा ओठांचा चंबू करून हळूहळू सोडा. मग मुठी उघडा, मिटा. कोपर वाकवा. काखेतलं पाणी काढायला बसवलेली नळी निघाली की भिंत चढायची, म्हणजे भिंतीसमोर उभं राहून बोटं एकेक करत कोळ्यासारखी वर न्यायची. पोचलं तिथे पेन्सिलीची खूण करायची. उद्या ती ओलांडायची. दिवसातून चार-पाच वेळा, दुखलं तरी.

एवढी घाई का, तर पुढे बऱ्याच जणींना रेडिएशन असतं. त्या मशीनवर उताणं झोपून त्या बाजूचा हात डोक्यामागे नेऊन एका दांड्याला धरून ठेवावा लागतो. हात खाली असेल तर किरण जिथे पोचायला हवेत तिथे पोचवता येत नाहीत. बाजू डावी असेल तर त्यात हृदयाची भानगड. छातीभर श्वास भरून धरला की हृदय जरा लांब सरकतं, म्हणून डाव्या बाजूच्या बाईला बऱ्याचदा श्वास कोंडून धरायला शिकवतात. हातच वर गेला नाही, तर तिला घरी परत पाठवतात. आणि मधल्या दिवसांत आत काय चाललंय ते कोणालाच दिसत नसतं.

माझी सगळ्यात हुशार पेशंट होती खाडीकाठच्या गावातली एक आगरी आजी. नळी काढून घरी गेली आणि पंधरा दिवसांनी आली ती हात थेट कानाला लावूनच. मी चाट. रोज किती वेळा व्यायाम केला, म्हणून विचारलं.

"कनचा व्यायाम? सुकट वालत घालाची व्हती. दोरी वर, मी खाली."

त्या आजीच्या घरात तिला बसवून ठेवणारं कोणी नव्हतं म्हणून ती बरी झाली. ज्या घरात माणसं प्रेमळ असतात, त्या घराची मला धास्ती वाटते.

सुलभाताईंचं घर फार प्रेमळ होतं. घरात तिघंच. सुलभाताई, वय बावन्न. नवरा मोहनराव, एसटीच्या खोपट डेपोतून नुकतेच निवृत्त झालेले. आणि मुलगी केतकी, ऐरोलीला कंपनीत नोकरी करणारी. सुलभाताईंची डावी बाजू काढलेली. केमो लागणार नव्हती, रेडिएशन लागणार होतं, आणि ते अमुक आठवड्यांच्या आत सुरू झालंच पाहिजे असं डॉक्टरांनी बजावून सांगितलेलं. केमो नाही म्हणजे केस गेले नाहीत. केस गेले असते तर पुढचं नाटक उभंच राहिलं नसतं.

मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेले तेव्हा मोहनरावांनी मला जिन्यातच गाठलं. पहिल्या मजल्यावर, मीटरच्या पेटीशेजारी. इकडेतिकडे बघून हळू आवाजात म्हणाले की, बिल्डिंगमध्ये आम्ही फ्रॅक्चर म्हणून सांगितलंय. खांद्याचं.

कारणही त्यांनी सांगितलं. केतकीसाठी कल्याणचं स्थळ आलं होतं. पत्रिका जुळली होती, मुलं फोनवर बोलत होती, फक्त आईचा हात बरा झाला की रीतसर बघायला यायचं राहिलं होतं. कॅन्सर म्हटलं की ते लोक म्हणणार, घरात रोग आहे, उद्या मुलीलाही होईल.

"आधी तीन ठिकाणी फिसकटलंय, मॅडम," मोहनराव म्हणाले. "आता हे."

या ठिकाणी मी काय बोलायला हवं होतं ते आज मला तोंडपाठ आहे. माझ्या तोंडून निघालं ते असं, की पडल्या कुठे?

मोहनराव गोंधळले. कुठे पडल्या हे ठरलंच नव्हतं. कसं पडल्या, प्लास्टर का नाही, कोणत्या डॉक्टरांनी बघितलं, काहीच ठरलं नव्हतं. इतकी कच्ची संहिता घेऊन माणसं रंगमंचावर उतरतात कशी, असं मला झालं. मी तिथेच, मीटरच्या पेटीला टेकून, सगळं बसवून दिलं. माजिवड्याच्या पुलाखाली रिक्षातून उतरत होत्या, साडी अडकली, डाव्या खांद्यावर पडल्या. हाडाला तडा आहे, सरकलेलं नाही, म्हणून प्लास्टर नाही, नुसती झोळी. झोळी म्हणजे गळ्यात अडकवून हात ठेवायची ती निळी कापडी पिशवी, कुठल्याही मेडिकलमध्ये मिळते ती. मोहनराव माझ्याकडे असे बघत होते की जणू ऑपरेशन मीच केलं. संध्याकाळी झोळी आणलीही.

नियम मी घालून दिला होता. बेल वाजली की झोळी चढवायची, माणूस गेलं की काढायची.

पण त्या कॉलनीत बेल कोण वाजवतं? दार उघडंच. समोरच्या शिर्केकाकू बकऱ्याच्या पायांचं सूप घेऊन आल्या, हाड लवकर जुळतं म्हणून. खालच्या एकांनी हाड बसवणाऱ्या माणसाचा पत्ता दिला. शिर्केकाकूंनी एक्स-रे बघायला मागितला, तेव्हा मी अशी काही फर्मास उत्तरं दिली की त्यांना एक्स-रे बघितल्यासारखंच वाटलं. तडा कसा तिरका गेलाय, ते मी त्यांना त्यांच्याच हातावर बोटाने काढून दाखवलं. त्या गेल्यावर सुलभाताई उशी छातीशी दाबून इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच हसत होत्या. मी ते माझ्या उपचारांच्या खात्यात धरलं आणि वहीत 'पेशंट प्रसन्न' असं लिहिलं. ती वही माझ्याकडे अजून आहे.

दुसऱ्या आठवड्यात झोळी उतरेनाशी झाली. मी गेले की काढायच्या आणि मी निघाले की माझ्या देखत चढवायच्या. मी रागावले तर म्हणाल्या, "याच्यात बरं वाटतं, मॅडम. पदर सारखा बघावा लागत नाही."

झोळी बरोबर छातीसमोर येते. आतली सपाट बाजू झाकते. आरशासमोरून जाताना बाईला झोळी दिसते, बाकी काही दिसत नाही. पदराचं ते वाक्य त्यांनी मला सरळ तोंडावर सांगितलं होतं आणि मी त्या वेळी पिशवीत माझी मोजपट्टी शोधत होते. हसवायची मला एवढी हौस, पण ती बाई कशामागे लपली होती ते मला दिसलं नाही.

मग मोहनरावांनी फोन केला. फ्रॅक्चरला तर विश्रांती लागते, मग ही बाई रोज व्यायाम कसला करून घेते, असं शिर्केकाकू विचारत होत्या म्हणे. तेव्हा काही दिवस तुम्ही येऊ नका, आम्ही घरीच करतो, तुम्ही फोनवर लक्ष ठेवा. मी ठेवलं लक्ष. रोज संध्याकाळी सात वाजता व्हॉट्सॲपवर मोहनरावांचा अंगठा यायचा. व्यायाम झाला. एकही दिवस चुकला नाही. डेपोतला माणूस, वेळेचा पक्का. माझ्या हातात त्या वेळी कल्याणच्या दोन आणि डोंबिवलीच्या तीन पेशंट होत्या. उत्तरादाखल माझाही एक अंगठा पाठवून मी समाधानाने पुढच्या घरी जात होते.

रेडिएशनची आखणी करायच्या दिवशी सुलभाताईंना टेबलावर झोपवलं आणि टेक्निशियनने हात वर न्यायला सांगितला. हात खांद्याच्या रेषेपर्यंतही आला नाही. टेक्निशियनने हलकेच आधार देऊन बघितलं, तर त्या ओरडल्या. काखेपासून कोपरापर्यंत कातडीखाली तारा उभ्या राहिल्या होत्या, सतारीच्या असाव्यात तशा ताठ. असं होतं या ऑपरेशननंतर. पण रोज ताणलं तर त्या सैल पडतात. कोणी ताणल्याच नव्हत्या. दोन माणसांनी धरून त्यांना उठवलं, ब्लाउज घालायला मदत केली आणि परत पाठवलं.

डॉक्टरांनी मला बोलावलं नाही, रागावलेही नाहीत. फाइल पाठवली फक्त. हात वर जात नसल्यामुळे आखणी होऊ शकली नाही, असं लिहिलं होतं. त्याखाली व्यायामोपचाराच्या रकान्यात माझं नाव होतं. अडीच आठवड्यांनी बुधवारची नवी वेळ दिली होती आणि त्यापुढे थांबवता येणार नाही असं अधोरेखित केलं होतं.

मी तडक वर्तकनगरला गेले. मोहनरावांना विचारलं, रोज अंगठे कशाचे पाठवत होता? त्यांनी अगदी सरळ सांगितलं. ते विचारायचे, झाला का व्यायाम; ती हो म्हणायची; ते पाठवायचे. मग मी सुलभाताईंकडे बघितलं.

"काकू बसलेल्या असायच्या, मॅडम," त्या म्हणाल्या. "सकाळी काकू, दुपारी खालच्या. त्यांच्यासमोर फ्रॅक्चरचा हात वर कसा करू?"

केतकी ओट्याशी उभी होती. वळलीही नाही. "मी पहिल्याच दिवशी बोललेले पप्पांना, खरं सांगून टाका. लग्न माझं आहे ना? पण मला विचारलं कोणी?"

मी अजूनही म्हणू शकले असते की बस झालं, त्या काकूंना आत बोलवा, मीच सांगते. पण मी काय केलं, तर नाटकाचा दुसरा अंक लिहिला. दार बंद ठेवायचं, टीव्ही मोठा लावायचा, ताईंना झोप लागलीय म्हणून सांगायचं. सकाळी एकदा मी येणार, संध्याकाळी एकदा येणार, मधल्या वेळी केतकी करून घेणार.

त्या अडीच आठवड्यांतल्या सुलभाताई मी विसरणार नाही. बैठकीच्या खोलीत कॅलेंडरशेजारची भिंत आम्ही निवडली. सुरुवातीला बोटं विजेच्या बटणांपर्यंत जेमतेम पोचत. माझ्या हिशेबाने कॅलेंडरच्या खिळ्यापर्यंत बोटं गेली की मशीनवर हात दांड्यापर्यंत जाणार. बटणांपासून खिळ्यापर्यंत केवढं ते अंतर, दोन-सव्वादोन फूट. त्या पहिल्या दिवशी रडल्या, दुसऱ्या दिवशी मला शिव्या दिल्या, तिसऱ्या दिवसापासून बोलल्याच नाहीत, नुसत्या चढत राहिल्या. टीव्हीवर कोणाची तरी सासू किंचाळत असायची आणि इकडे या दात आवळून भिंतीवर. मी सांगायची, दात सोडा, श्वास सोडा, श्वास कोंडून चढू नका. चढताना श्वास चालू ठेवायचा आणि कोंडायचा सराव खुर्चीत बसून वेगळा करायचा. त्यात आधी नऊ मोजेपर्यंत त्यांची दमछाक व्हायची. मग चौदा. मग वीस. एका संध्याकाळी हात ताणताना काखेतली एक तार टक्कन तुटली, मला ऐकू आली. आम्ही दोघींनी घाबरून एकमेकींकडे बघितलं आणि त्यांनी हात जरा हलवून बघितला, तर तो वितीभर जास्त वर गेला. मी त्यांना मिठी मारली, उजव्या बाजूने.

भिंतीवर पेन्सिलीच्या खुणांची शिडी झाली होती. मोहनरावांनी एकदा रबर आणून खुणा पुसायला घेतल्या, पाहुणे येतील म्हणून. सुलभाताईंनी रबर काढून घेतलं.

आणि पाहुणे खरंच आले. कल्याणच्या मंडळींनी कळवलं की फ्रॅक्चर बरं व्हायची किती वाट बघायची, येत्या रविवारी येतो, भेटून घेऊ. रविवार म्हणजे त्या बुधवारच्या तीन दिवस आधी. शनिवारी संध्याकाळी बोटं खिळ्यापासून चार बोटं खाली होती. एकही वेळ चुकवून चालणार नव्हतं. मी मोहनरावांना तसं बजावलं. ते म्हणाले, मॅडम, दोन तास फक्त, झोळी घालून बसेल आणि ते गेले की करेल. आणि तुम्हीही या. मुलाची आत्या फार चौकस आहे, तिला फ्रॅक्चरचं काही विचारायचं झालं तर आमची फे फे उडेल.

मी गेले. का गेले? सुलभाताईंसाठी, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होते. खरं म्हणजे त्या घरात नवे प्रेक्षक येणार होते.

मुलगा, त्याचे आई-वडील आणि आत्या. मंडळी वाईट नव्हती, हे मला मुद्दाम नोंदवायचंय. मुलगा लाजरा, केतकीला बघून हसला. आई फारशी बोलत नव्हती. बोलत होत्या त्या आत्या. त्यांनी खुर्ची सुलभाताईंजवळ ओढून घेतली आणि खरोखरीच्या काळजीने चौकशी केली. पडलात कशा? माझा पूल, माझी रिक्षा, माझी अडकलेली साडी, सगळं यथास्थित झालं. मी मध्ये मध्ये शास्त्र पुरवत होते. माझं काम उत्तम वठत होतं. सुलभाताई झोळीतला हात छातीशी धरून बसल्या होत्या.

आत्यांनी त्यांच्या झोळीवर हात ठेवला. "घाई करू नका बरं. लग्नापर्यंत हात असाच राहू दे. अजिबात हलवायचा नाही. माझ्या नणंदेने घाई केली आणि हाड वाकडं बसलं."

सगळं जमलं तर लग्न साडेतीन महिन्यांनी धरायचं चाललं होतं.

"नाही, नाही, हलवणारच नाही," मोहनराव म्हणाले.

मग आत्यांनी माझ्याकडे बघितलं. "काय हो मॅडम? विश्रांतीच हवी ना?"

सव्वीस वर्षं ज्या एका शब्दाशी मी भांडते आहे, तो त्यांनी माझ्यासमोर ठेवला. आणि मी मान डोलावली. म्हणाले, "हो. विश्रांती हवीच."

सुलभाताईंनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. एखादं माणूस गाडीत चढलं नाही, खालीच राहिलं, म्हणून खिडकीतून बघावं तसं.

त्या उठल्या. गळ्यामागे उजवा हात घालून झोळीचं बक्कल काढलं. झोळी खुर्चीवर ठेवली. पदर जिथे होता तिथेच राहिला, म्हणजे सपाट बाजू सगळ्यांसमोर. चालत कॅलेंडरपाशी गेल्या, डाव्या हाताची बोटं भिंतीवर टेकवली आणि चढायला लागल्या. आमच्याकडे पाठ करूनच बोलल्या. आवाज मोठा नव्हता.

"फ्रॅक्चर नाही मला. कॅन्सर होता. डावी बाजू काढली. बुधवारी हात वर गेला नाही तर मशीनवर घेणार नाहीत." मग थांबून म्हणाल्या, "मॅडम, मोजा."

मी मोजायला लागले. केतकी येऊन आईच्या मागे उभी राहिली, पडली तर धरायला. मोहनराव खाली बघत होते. मुलाच्या आईने पदर तोंडाला लावला होता. टीव्ही बंद होता, त्यामुळे त्या खोलीत पहिल्यांदाच सुलभाताईंचा श्वास ऐकू येत होता. नाकाने आत, ओठांतून बाहेर. तेरा मोजले तेव्हा बोटं शनिवारच्या खुणेवर होती. सतरा मोजले तेव्हा खिळ्याला लागली. त्या तिथेच थांबून राहिल्या, हात वर, कपाळ भिंतीला टेकवून.

बुधवारी मशीनवर हात दांड्यापर्यंत गेला आणि श्वासही त्यांनी हवा तेवढा धरला. सगळं रेडिएशन वेळेत पूर्ण झालं. आज त्या ठणठणीत आहेत, दर सहा महिन्यांनी तपासणीला येतात, मला भेटल्याशिवाय जात नाहीत. पण झोळीत गेलेल्या त्या दिवसांची वसुली खांद्याने केलीच. शेवटचा थोडा भाग अजून येत नाही. वरच्या फळीवरचा डबा केतकी काढून देते किंवा मोहनराव. मोहनराव माझ्याशी बोलत नाहीत. कल्याणच्या मंडळींनी दोन दिवसांनी कळवलं की पत्रिका पुन्हा दाखवली, जमत नाही. मुलाने केतकीला एक मेसेज केला होता, सॉरी म्हणून. शिर्केकाकूंना सगळं कळल्यावर त्यांनी मला जिन्यात गाठून एवढंच विचारलं की, माझ्या हातावर बोटाने काय काढून दाखवत होतात हो?

हल्ली मी पहिल्या भेटीतच घरच्यांना सांगते, खरं सांगायचं नसेल तर सांगू नका, पण खोट्याला माझ्या पेशंटचा हात लावायचा नाही. काही जण दुसरी फिजिओ शोधतात. शोधोत.

पण त्या रविवारचं एक राहिलं. सुलभाताई भिंतीशी उभ्या होत्या, हात खिळ्यावर. मी मनात म्हणत होते, कोणीतरी बोला, काहीही बोला. समोर स्टुलावर रव्याच्या लाडवांचं ताट होतं. आदल्या दिवशी सुलभाताईंनीच ते वळले होते, मुठी उघडमीट करायच्याच आहेत तर लाडू तरी होतील, म्हणून. आत्यांच्या हातात अर्धा लाडू होता. अर्धा पोटात गेला होता. त्यांनी सुलभाताईंच्या पाठीकडे बघितलं, मग हातातल्या लाडवाकडे बघितलं, तो हळूच ताटाच्या कडेला ठेवला, रुमालाने बोटं पुसली. त्यांना बोलायचं नसावं. पण तोंडून निघून गेलं.

"लाडू कोणी वळले?"